सासऱ्यांची बॅटरी

पुणे शहर आजवर धडधाकट आहे ते केवळ आपलं लक्ष आहे म्हणून, अशी आमच्या सासऱ्यांची समजूत नाही, खात्रीच आहे. कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस; निवृत्त झाला तरी सवय कुठे जाते? कर्वेनगरच्या त्यांच्या घरी गॅसची नळी तपासून झाल्याशिवाय जावयालाही चहा मिळत नाही. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मागून माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "जावईबापू, बाहेर पडायचा दरवाजा डावीकडे आहे." तेव्हाच ऐकायला हवं होतं, असं बायको रागावली की वाटतं.

यामागे एक दुखरी गोष्ट आहे. एकदा त्यांच्या पाळीत मशीन शॉपमधले, म्हणजे यंत्रांच्या विभागातले दिवे क्षणभर गेले आणि एका कामगाराची दोन बोटं गेली. तेव्हापासून सासऱ्यांच्या खिशात कायम बॅटरी असते. आता तो कारखाना प्रकाशकलेचं संग्रहालय झालाय, आणि सासऱ्यांनी हट्टाने त्याच शॉपच्या दारावरची नोकरी मागून घेतली. तिथे मुद्दाम मिट्ट काळोख ठेवतात. दोन पायऱ्या उतरून पाच मिनिटं उभं राहिलं की समोरच्या भिंतीवर हळूहळू उजेड उमटतो. उशिरा कुणी आलं की सासरे बॅटरी मारायचे आणि आतल्या सगळ्यांचं तप वाया जायचं. शेवटी संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाईंनी बजावलं, "काका, पुन्हा बॅटरी लागली तर तुम्हाला तिकीट खिडकीवर बसवावं लागेल."

त्यानंतरच्या रविवारी मी संग्रहालयात गेलो तर त्यांनी बॅटरी माझ्याच हातात दिली. "तुमच्याकडे ठेवा. खिशात असली की हात जातो."

काळोखात चार मिनिटं गेली. मग दाराचा पडदा हलला आणि एक आजीबाई काठी टेकत आत आल्या. पडदा पडला. काठीचा आवाज पायऱ्यांकडे सरकू लागला. माझाच अंगठा बटणावर गेला. दाबलं तर सासऱ्यांची जागा जाणार, न दाबलं तर म्हातारी पडणार.

"आजी, थांबा," सासऱ्यांचा आवाज आला, अगदी हळू. "हा माझा हात. आता एक पायरी खाली. आणखी एक. झालं."

मग भिंत उजळली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय सुंदर निळा रंग आहे हो."

"निळा आहे होय?" त्यांनी विचारलं. नोकरीला लागल्यापासून चार महिने त्यांचं तोंड दाराकडेच होतं.

पुढच्या वेळी मी त्यांना आत पाठवलं आणि दारात स्वतः उभा राहिलो. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. कसलीच सूचना न देता ते माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढले होते. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी म्हणालंच नव्हतं, तुम्ही बघा, मी उभा राहतो.