इब्राचं भांडं

बुधवार, फेब्रुवारी १९९९. मस्कतहून निघालेल्या गाडीत हजर: मी, पत्नी रीटा, शाळा बुडवून आलेली नऊ वर्षांची शेरील आणि वसईहून पंधरा दिवसांसाठी आलेली माझी मार्था आत्या. सकाळी नऊपर्यंत सगळं यादीप्रमाणे चाललं होतं.

आत्याने वसईच्या बाजारात तीस वर्षं भाजी विकून मला शिकवलं. स्वतः कधी एक दिवस फिरायला म्हणून गेली नाही. उद्या तिचं विमान. तिला फिरवायला माझ्याकडे हा एकच दिवस होता, आणि तो मी दहा-दहा मिनिटांत कापून ठेवला होता! इब्राचा बाजार, नऊ ते नऊ चाळीस. सूर बंदर, साडेबारा: लाकडी जहाजं बांधताना पाहणे. किनाऱ्यावर जेवण (डबे तीन: मैद्याचे तळलेले फुगे साठ, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, उकडलेली अंडी. मीठ वेगळ्या पुडीत).

इब्राला बाजाराच्या दारातच एका वृद्ध ओमानी गृहस्थांनी मला अडवलं.

"तुम नहीं. बुधवार को औरत लोग का बाजार."

बुधवारी बाजार भरतो, हे मी चौकशी करून लिहून घेतलं होतं. कोणासाठी भरतो, ते विचारायचं राहिलं होतं!

"चाळीस मिनिटं!" मी रीटाला घड्याळ दाखवलं. तोवर आत्या आत गेलीसुद्धा. डब्यांची पिशवी घेऊन. (तापलेल्या गाडीत अन्न ठेवायचं नसतं, असं तिचं मत.) मागोमाग रीटा आणि शेरीलही.

नऊ चाळीस झाले. कोणी नाही. दहाला शेरील धावत बाहेर आली.

"पपा, आत्याआजी खाली बसली!"

"पडली?"

"नो, नो! बसली. लाईनमध्ये. सगळ्या आंटी बसतात ना, तशी. आणि ती विकते."

"काय विकते?"

"आपला लंच."

मी दाराकडे झेपावलो. गृहस्थांनी काठी आडवी धरली. "सबर," ते म्हणाले. "मेरा औरत सात बजे से अंदर है."

मग शेरील आमचं टपाल झाली. मी चिठ्ठी पाठवली: 'दहा वाजून दहा. निघा.' उत्तर तोंडी आलं, "आजी म्हणते, गिऱ्हाईक टाकून कोण उठतं?" साडेदहाची बातमी: फुगे संपले, बदल्यात खजूर, लोबान आणि एक कोंबडी. कोंबडी! (यादीत तिला जागा नव्हती. गाडीतही.) अकराची बातमी: "पपा, आता आजी बाजूच्या सलमा आंटीचे कांदे विकते. मराठीत!"

साडेअकराला मी सूरवर रेघ मारली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

बाराला शेरील झाकणाचं मोठं भांडं सांभाळत आली. "सलमा आंटीने दिलं. बाहेर थांबलेल्या तुम्हा दोघांना." आत हरीस होता: गहू आणि मटण घोटून घोटून एकजीव केलेलं, वर तुपाचं तळं. त्या गृहस्थांनी आणि मी भिंतीच्या सावलीत मांडी घालून एकाच भांड्यातून तो खाल्ला. रागावलेल्या माणसाला इतकं चांगलं जेवायला घालू नये. राग टिकत नाही.

दीडला आत्या बाहेर आली. डोक्यावर सलमाने बांधलेली ओढणी, काखेत कोंबडी.

"आत्या, सूर राहिलं! जहाजं राहिली!"

"होड्या मी घरी बघतेच की रे," आत्या म्हणाली. "बाजारात जन्मभर बसले, पण पोटासाठी. मजेसाठी आज पहिल्यांदा बसले. तू आणलंस म्हणून."

 

डोळे लपवायला मी ते भांडं धुतलं आणि शेरीलच्या हातात दिलं. आत्या कडाडली, "रिकामं पाठवतोस?"

"मग काय भरू? डबे तर तू विकलेस! हे खजूर घालू?"

"त्यांचे खजूर त्यांनाच? लाज वाटते का? घरी ने. पुढच्या बुधवारी फुगे भरून दे."

या गोष्टीला चार डायऱ्या उलटल्या. भांडं मस्कतला आमच्या ओट्यावर आहे. बुधवारी रीटाला रजा मिळत नाही, शेरीलला शाळा असते. मला रजा मिळते, पण मला आत कोण घेणार? आत्या दर रविवारी फोनवर विचारते, "दिलंस?" आणि दर जानेवारीला मी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहितो: '१. इब्राचं भांडं, भरून.' पुढे खूण करायला चौकोन काढतो.

चौकोन आता मला फार सुबक जमतो.