दूरच्या खुर्चीची चाचणी

आमच्या कॉलेजने व्हीसीचा, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सचा, कॅमेरा घ्यायचे ठरवले, तेव्हा तो पारखून घ्यायचे काम माझ्या गळ्यात पडले. कोरोनाच्या दोन वर्षांत पुस्तकांच्या ढिगावर मोबाइल टेकवून मी भूगोल शिकवला होता, आणि तेव्हापासून कुठे वायर लोंबताना दिसली की लोक मला हाक मारत. सिहोऱ्याच्या वाटेवरच्या त्या कॉलेजात मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर होते. म्हणजे दर वर्षी नवा अर्ज, नवे नेमणूकपत्र, आणि उन्हाळा लागला की घरी. कायम असलेले प्राध्यापक मला 'आपल्या मॅडम' म्हणत. आपल्या, म्हणजे कुठल्याही कामाला लावता येतील अशा.

त्या वर्षी भूगोलाची एक कायम जागा निघणार अशी बातमी होती. नऊ वर्षे मी त्या एका बातमीवरच दिवस काढले होते. करडीला, आमच्या गावी, माझ्या वडिलांनी दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत राबून मला एम.ए. केले, सेटची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला काढली, आणि पुढे सगळे या एका जागेपाशी येऊन अडले होते. म्हणून प्राचार्य म्हणाले, "मॅडम, जरा कॅमेऱ्याचं पाहून घ्या," तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. उलट मला बरे वाटले. या निमित्ताने आपण वरच्यांच्या नजरेत येऊ, असा माझा हिशेब.

मी मन लावून यादी केली. खिडकीकडे पाठ असताना चेहरा काळा पडतो का. दोन माणसे एकदम बोलली तर काय होते. वीज जाऊन आली की कॅमेरा स्वतः सुरू होतो का. टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो का, ऐकू येतो का. अशा अकरा गोष्टी, आखलेल्या कागदावर, पुढे दोन रकाने, कारण पाहायला दोन कॅमेरे येणार होते. एक साधा, न हलणारा, अख्खे टेबल एकदम दाखवणारा, पण त्यात चेहरे लहान दिसत. दुसरा मान वळवणारा. जो बोलेल त्याच्याकडे वळून त्याला मोठा करून दाखवायचा.

पूर्वी जी मुलींची बसायची खोली होती तिला आता व्हीसी रूम म्हणू लागले होते. मुलींना जिन्याखाली जागा दिली. खोलीत सागवानी लांब टेबल, भिंतीवर गोंदिया वेगळे होण्याआधीचा जिल्ह्याचा नकाशा, तो बदला म्हणून मी तीनदा सांगितले होते. टेबलाच्या वरच्या टोकाला प्राचार्यांची फिरती खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल. तिच्या उजवीकडे संस्थेच्या अध्यक्षांची, डावीकडे एक रिकामी, जिच्यावर फायली असत. खालच्या टोकाला, दाराजवळ, एक प्लास्टिकची.

नागपूरच्या दुकानाचा माणूस मान वळवणारा कॅमेरा घेऊन आला. त्याने तो प्राचार्यांच्या खुर्चीसमोर लावला आणि म्हणाला, "कोणी तरी बसा ना वहाँ, सेट करून घेतो." टॉवेलच्या खुर्चीवर बसणार कोण? हेडक्लार्क त्या खुर्चीच्या बाजूला गुडघे वाकवून उभे राहिले, डोके साहेबांच्या उंचीला आणून, आणि दहा मिनिटे तसेच 'हॅलो, हॅलो' करत राहिले. मला हसू आवरेना. आज त्या हसण्याची लाज वाटते, कारण मीही त्या खुर्चीवर बसले नव्हते.

मग प्राचार्य आले. दुकानाचा माणूस म्हणाला, "सर, काहीही बोला." सरांना एवढेच पुरे होते. कॉलेजची स्थापना, ग्रामीण विद्यार्थी, डिजिटल भारत. कॅमेरा त्यांच्यावरून क्षणभर हलला नाही. बाजूच्या खोलीत लॅपटॉपवर पाहणारे पळत आले आणि म्हणाले, "सर, टीव्हीवरच्या सारखे दिसून राहिले!" पंधरा जण टेबलाभोवती होतो. प्राचार्य बोलत असताना आमच्याकडे कोणी तोंड उघडत नाही, खोकला आला तर बाहेर जातात. त्यामुळे बोलणाऱ्याला ओळखणाऱ्या कॅमेऱ्याची चाचणी झाली ती एकाच बोलणाऱ्यावर, आणि शंभर टक्के यशस्वी झाली.

साधा कॅमेरा दुसऱ्या दिवशी आला. त्यात प्राचार्य सुपारीएवढे दिसले. तो पाच मिनिटांत परत खोक्यात गेला.

माझी यादी तशीच कोरी. म्हणून मधल्या सुट्टीत मी आणि चहा देणाऱ्या शिपाईबाई व्हीसी रूममध्ये गेलो. बाई वरच्या टोकाला उभ्या राहिल्या, मी दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बोलू लागले. माझी दोन वाक्ये संपली तेव्हा कुठे कॅमेऱ्याने माझ्याकडे मान वळवायला घेतली. तेवढ्यात बाईंनी फक्त घसा खाकरला आणि तो परत फिरला. आठ वेळा केले, आठही वेळा तेच. माइक त्याच्याच पोटात होता, आणि तो वरच्या टोकाशी. जवळचा खोकला त्याला माझ्या भाषणापेक्षा मोठा. मी रकान्यात लिहिले: 'दूरच्या खुर्चीवरील व्यक्ती बोलत असताना दिसत नाही. घेऊ नये.'

कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी वाचला, चष्मा काढला. ते रागावले नाहीत, हे मुद्दाम सांगते. समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, त्या खुर्चीवर बसते कोण?"

मी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले.

"मी तिथं बसत नाही. अध्यक्ष बसत नाही. मग कायले आपण चांगली वस्तू सोडाची? सांगा ना, कोण बसते तिथं?"

"कोणी नाही, सर," मी म्हटले.

तो कागद मी तिथेच फाडला आणि दुसरा लिहिला. अकराव्या ओळीपर्यंत सगळीकडे 'समाधानकारक'. खाली माझी सही, ठळक, पूर्ण नावासकट. जागेची जाहिरात महिनाभरात निघणार होती आणि मला एका खुर्चीसाठी वाईट व्हायचे नव्हते. याला कोणी धोरण म्हणेल. मी भित्री होते, दुसरा शब्द नाही.

जाहिरात निघाली. मुलाखतीचे पत्र आले. बाहेरचे तज्ज्ञ इतक्या लांब येणार नाहीत, व्हीसीवर बसतील, उमेदवारांनी कॉलेजात हजर राहावे, असे त्यात होते. पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दाराजवळची ती प्लास्टिकची खुर्ची आली. उमेदवार दारातून येणार, आणि दाराजवळची खुर्चीच त्याची असणार. हे मला कागद फाडतानाच सुचायला हवे होते. नाही सुचले.

माझा नंबर तिसरा. आत गेले, नमस्कार केला, दाराजवळ बसले. टीव्हीवर तीन तज्ज्ञ, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत आमची खोली. म्हणजे आमचे प्राचार्य. बाजूला अध्यक्ष बिस्कीट खात होते, त्यांचे कोपर दिसत होते. माझे काहीच नाही.

तज्ज्ञ बाईंनी विचारले, तुमच्या भागातल्या माजी मालगुजारी तलावांबद्दल सांगा. याहून चांगला प्रश्न मला जन्मात मिळाला नसता. जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या या तलावांना आमच्याकडे मामा तलाव म्हणतात, आणि अशाच एका तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधापाशी, मी वाढले. पाणी सोडायच्या तोंडाला, तुडुमाला, कधी हात लावायचा आणि कोणाच्या बांधीत पाणी आधी जायचे, हे मी पुस्तकातून शिकले नव्हते. मी बोलू लागले. कॅमेरा वळायला लागला. तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "बरोबर, बरोबर." तो परत गेला. ते मला मदतच करत होते हो! माझ्या प्रत्येक चांगल्या वाक्याला ते 'बरोबर' म्हणत, आणि प्रत्येक 'बरोबर'ला पडद्यावर ते स्वतः दिसत.

"उमेदवार दिसत नाहीत," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "आवाजही लांबून येतोय. जरा मोठ्याने बोलाल?"

"यंत्र नवीन आहे मॅडम, येतील, येतील," प्राचार्य म्हणाले.

मी मोठ्याने बोलले. मागच्या बाकावरच्या पोरांवर ओरडावे तसे तलावांविषयी ओरडले. ओरडून माणूस विद्वान वाटत नाही, भांडकुदळ वाटतो. सहा-सात मिनिटांत संपले. त्यांनी आभार मानले, तेही प्राचार्यांच्या चेहऱ्याकडे पाहून. बाहेर आल्यावर मला रडू आले नाही. नुसता संताप आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

जागा माझ्यानंतर आत गेलेल्या, बाहेरगावच्या एका तरुणाला मिळाली. यादी लागली त्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावले, खुर्ची दिली, म्हणाले, "तुम्ही छान बोलल्या. नशीब." मी खाली आले. स्टाफरूममध्ये मी बोलत सुटले. वशिला असेल, जात पाहिली असेल, आधीच ठरले असेल. नऊ वर्षांत बोलले नव्हते ते सगळे तोंडातून बाहेर पडले. शिपाईबाई चहाचा ट्रे धरून ऐकत होत्या. मुलाखतीच्या दिवशी आत चहा त्यांनीच नेला होता. सगळे गेल्यावर त्या माझ्यापाशी थांबल्या.

"वशिल्याचं मले काही मालूम नाही जी, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण तो पोरगा आला, अन् खालची खुर्ची पायलीच नाही त्यानं. बाजूच्या खुर्चीवरच्या फायली उचलल्या, खाली ठेवल्या, अन् सायबाच्या बाजूले बसला. टीव्हीत मोठ्ठा दिसून राहिला होता. तुमाले तर मालूम होतं ना, आपुन दोघीनंच तं पायलं होतं. तुमी काहून नाही बसल्या तिथं?"

मी चिडून म्हटले, "मला कोणी बसा म्हटलं नव्हतं."

"त्यालेबी कोणी म्हटलं नव्हतं जी," बाई म्हणाल्या.