पश्चिमेच्या खिडकीतला अर्धा इंच

दाऊदचाचांवर अन्याय झाला. कधी? ह्या वर्षी, रमजानच्या दोन आठवडे आधीच्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. कुठे? सौदीतल्या अल-खोबरला, समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, चौथ्या मजल्यावर, माझ्या ताईच्या पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये. कुणी केला? त्या यादीत पहिलं नाव माझं आहे, म्हणून तर लिहायला बसले.

वाचकांच्या अद्भुत अनुभवांच्या ह्या सदरात कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. मी साताऱ्याकडच्या गावोगावी जाऊन नारळातून जाळ कसा काढतात, लिंबातून रक्त कसं येतं ते करून दाखवणारी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतली मुलगी आहे. 'पुरावा मागा' ह्या मथळ्याची पत्रकं मी स्वतः लिहिलीत, एसटी स्टँडवर उभं राहून वाटलीत. इथले अनुभव मी वाचायचे ते खोडून काढण्यासाठी. काहींच्या खाली खवचट प्रतिक्रियाही टाकल्यात... ज्यांना टाकल्या त्यांनी आता हसून घ्यावं.

तर ताईला अर्धशिशी आहे. दुपारी तीनला खोबरचं ऊन त्या खोलीत शिरलं की ती उशीत तोंड खुपसून पडते. पडदे लावून झाले, काचेला काळी फिल्म लावून झाली. फ्लॅट भाड्याचा, बाहेरून काही ठोकायला घरमालकाची ना. म्हणून दाजींनी — म्हणजे ताईच्या नवऱ्याने — खिडकीला आतून लाकडी झडपं बसवायचं ठरवलं. मी व्हिजिट व्हिसावर ताईच्या मदतीला आले होते. त्यामुळे शोरूममध्ये नमुने बघायला मीच गेले. तिथून पाठवलेल्या फोटोंत ताईला फिरत्या पट्ट्यांची पांढरी झडपं आवडली, दाजींना प्लास्टिकची. मग माप घ्यायला कंपनीचा सुतार घरी आला.

हे दाऊदचाचा. श्रीवर्धनच्या बाजूचे, साठीचे, सत्तावीस वर्षं खोबरमध्ये. आम्ही मराठी बोलतोय म्हटल्यावर चेहरा उजळला.

"पट्ट्या कुणाला पायजेत?" त्यांनी विचारलं.

"मला," ताई म्हणाली.

"नको, बाय. पट्ट्यांत धूळ बसंल ती बसंल, पण ऊन चिरा-चिरा होऊन आत येतो. दुखत्या डोक्याला ता आणखी वाईट. भरीव झडपा घे. दुखायचा टाईम कुठला?"

"तीनच्या पुढे."

चाचांनी टेप खिशात परत टाकला. म्हणाले, तीनला येतो. आणि खरंच आले! पाऊण तास भिंतीला टेकून नुसतं ऊन कुठून कुठे सरकतं ते बघत उभे राहिले. मग माप घेतलं — वर, मध्ये, खाली, तीन ठिकाणी. रुंदी सत्तेचाळीस इंच. ओळंबा सोडून बाजू तपासल्या आणि ओळंब्याची दोरी दोन बोटांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळून ठेवली. माझी भाची ईरा, वय वर्षं आठ, तोंड उघडं टाकून बघत होती. तिलाही शिकवलं. "अशी गुंडाळली की गाठ नाय पडत."

जाताना चहा घेताघेता बोलले. बकरीदनंतर कायमचे घरी निघणार होते. गावात नवी मशीद होतेय, तिच्या अकरा खिडक्यांचं काम जमातीने, म्हणजे गावच्या मशिदीच्या मंडळींनी, त्यांना द्यायचं कबूल केलंय. "परदेशात दुसऱ्यांच्या लय खिडक्या केल्या," म्हणाले. "आता आपल्या गावच्या करतो नि मग बसतो तिथंच, सावलीला."

ह्या अकरा खिडक्या लक्षात ठेवा.

सोमवारी झडपं आली. भरीव, सागाच्या रंगाची, सुरेख. चाचांनी बिजागऱ्यांवर टांगली आणि... मिटेनात. मधोमध एक झडप दुसऱ्यावर चढत होतं. सुपरवायझर आला, त्याने स्वतःचा टेप लावला. साडेशेहेचाळीस. दाजींनी ड्रॉवरमधला आपला स्टीलचा टेप काढला. साडेशेहेचाळीस!

"देखो मॅडम, हाफ इंच का मिस्टेक. बुढा हो गया है ये."

चाचांनी दोन्ही टेप बघितले. आवाज चढवला नाही. मला म्हणाले, "बाय, टेप खोटा बोलत नाय. पण मी पण नाय चुकलो. खिडकी आज रुसलीय. झडपा अशाच राहू दे, रंधा लावू नका. चार दिस दे फक्त."

आणि मी हसले. नुसती हसले नाही — सगळ्यांसमोर भाषण दिलं. "चाचा, खिडक्या रुसत नसतात. काँक्रीट आहे ते. चूक झाली तर झाली म्हणावं माणसाने." वर मोबाईल काढून फोटो काढले. टेपच्या शून्याचा एक, दुसऱ्या टोकाच्या आकड्याचा एक. पुरावा! मलाच किती अभिमान. सुपरवायझरने तिथल्या तिथे ते फोटो मागून घेतले, तक्रारीच्या फॉर्मला जोडले, दाजींनी सही केली.

चाचांनी झडपं वाऱ्याने आपटू नयेत म्हणून सुतळीने मागे कडीला बांधली, पक्की गाठ मारली आणि ते निघून गेले.

पुढचं दाजींच्या कानावर बुधवारी आलं. चूक सुताराची, म्हणून कंपनीने त्याला कामावरून काढलं. बकरीदची वाट कशाला बघायची — फायनल एक्झिट, म्हणजे कायमची परतपाठवणी, शुक्रवारचं विमान. दाजी हादरले. "अगं, मला वाटलं झडपं बदलून देतील," एवढंच म्हणत राहिले. सही करण्याआधी विचारावं ना मग! मी त्यांना हे सुनावलं, आणि सुनावताना मला माझेच फोटो आठवत होते.

शुक्रवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. दाजी बाजारात. मी किचनमध्ये ताईसाठी पेज ढवळत होते, ईरा माझ्यासमोर ओट्याला टेकून गृहपाठ करत होती. घरात चौथं कुणी नाही, बाहेरच्या दाराला आतून साखळी. ताई आत पडलेली, डोकं फुटायच्या बेतात.

आतून टकटक ऐकू आली. लाकडावर बोटाच्या पेराने मारतात तशी, तीनदा. मग एक हलकासा 'टक्'.

"थँक्यू गं," ताईचा आवाज आला. "किती छान अंधार केलास."

मी ईराकडे बघितलं. ईराने माझ्याकडे.

ईरा पुढे पळाली. दारातूनच म्हणाली, "मावशी, इट्स क्लोज्ड."

दोन्ही झडपं मिटलेली. मधली फट केसाएवढी. खोलीत संध्याकाळ झाल्यासारखा शांत अंधार, आणि ताई उताणी, डोळे मिटून, कपाळावरची आठी गेलेली. खिडकीच्या कट्ट्यावर सुतळी होती. तुटलेली नाही, कापलेली नाही. आठच्या आकड्यात गुंडाळून ठेवलेली.

"तू केलीस?" मी ईराला विचारलं.

"आय वॉज विथ यू!" ती जवळजवळ रडकुंडीला आली. खरं होतं, माझ्यासमोरच तर बसली होती.

मी तोच ड्रॉवरमधला टेप आणला. वर, मध्ये, खाली. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. ह्याचेही फोटो काढले. आज हे लिहितानाही सत्तेचाळीस. आणि मोबाईलमधले सोमवारचे फोटो उघडले तर त्यात अजून साडेशेहेचाळीस.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी आधीच म्हणून झालंय. लाकूड एसीत आक्रसलं? आक्रसलं असेल, पण मी लाकूड नाही, भिंत मोजली. टेप तिरका धरला? तिरका किंवा वाकडा धरला तर माप जास्त येतं, कमी नाही. टेपच्या टोकाचा हुक सैल? त्याने सूतभर फरक पडेल, अर्धा इंच नाही, आणि टेप दोन होते. ईराने खोडी केली? ती गाठ आदल्या दिवशी मी सोडून पाहिली होती, माझ्यानेही सुटली नव्हती. चळवळीतल्या मित्रांना फोटो पाठवले. त्यांनी लिहिलं, 'प्रवासाने थकली असशील, झोप नीट घे.' तेव्हा कळलं, आपण लोकांना काय-काय म्हणत आलोय ते.

शनिवारी संध्याकाळी चाचांना फोन लावला. ते घरी पोचले होते.

"बसली ना?" हॅलोच्या आधी हेच.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? चार दिस झाले ना."

"चाचा, झडप नाही हो... भिंत बदललीय."

मग म्हणाले, "भिंतीचा मला काय विचारतेस? मी सुतार हाय, गवंडी नाय." आणि हसले. मी विचारलं, काल तीनच्या सुमाराला तुम्ही कुठे होतात? म्हणाले, विमानात. खिडकीशी. डोळा लागला होता.

मग मी मशिदीच्या खिडक्यांचं विचारलं. "माझ्या आधी व्हॉट्सॅप पोचला, बाय. दाऊदचा हात गेला, माप चुकतो, असा. जमातीने दुसरा बघितलाय. जाऊ दे. ताईचा डोका कसा हाय?"

ताईचा डोका! ज्या घराने ह्या माणसाला हाकललं, त्या घरातल्या बाईचं डोकं विचारत होता तो.

दाजी कंपनीत गेले, तक्रार मागे घेतो म्हणाले. सुपरवायझर म्हणाला, झडपं बसली ना, मग खलास, फाईल क्लोज्ड. दाजींनी स्वतःच्या सहीचं पत्र दिलंय — माप बरोबर होतं, चूक आमची. ते आणि दोन्ही दिवसांचे फोटो मी चाचांच्या मुलाला पाठवलेत. चाचा कुणाला दाखवणार नाहीत, मला माहीत आहे.

झालं काय, ते मला कळलेलं नाही. कळल्याचा आव आणणार नाही, आणि मला पटवायलाही येऊ नका. भिंतीचं राहू दे.

पण हे सदर श्रीवर्धनच्या पट्ट्यात वाचलं जातं, खोबर-दम्मामच्या खोल्यांतून वाचलं जातं. तुमच्यापैकी कुणीतरी त्या गावचं आहे, कुणीतरी तो मेसेज फॉरवर्ड केलाय. त्याच ग्रुपवर आता हे टाका. येत्या जुम्म्याला जमात बसेल तेव्हा मोठ्याने वाचून दाखवा. मशिदीच्या चौकटी अजून रिकाम्या आहेत. दाऊदचाचांना बोलवा, त्यांच्या हातात टेप द्या, आणि त्या अकरा खिडक्या त्यांच्याकडूनच करून घ्या.