पोपटाचा उष्टा पेरू

"देखो, इसको दोन्ही आहे. ऑटिझम भी, एडीएचडी भी," डॉक्टरबाई म्हणाल्या. गोंदियात असंच बोलतात, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. ऐकून मला आधी काय वाटलं सांगू? आता काहीतरी उपाय सांगतील, घडीभर बसायला तरी मिळेल. इतकी थकली होती मी.

माझी रानी पाच वर्षांची. बोलत नाही, हाक मारली तर पाहत नाही, आणि फाटक उघडं दिसलं की पळत सुटते थेट तलावाकडे. तिच्यामागे धावून धावून माझी कंबर गेली. नवरा नागझिऱ्याच्या जंगलात गाइड, कधीमधी घरी येतो. अर्जुनी मोरगावच्या घरात आम्ही तिघी, मी, रानी आणि सासू.

पोपटानं टोचलेला पेरू चारला की मुकं लेकरू बोलतं, असं आमच्याकडे म्हणतात. सासू रोज असे पेरू वेचून रानीच्या तोंडात कोंबायची. रानीला बुळबुळीत काही चालत नाही. ती ओकायची, किंचाळायची, आणि पुसायचं मी. मग सासू माझ्यावरच घसरायची. "तुह्या माहेरचंच रगत हाय वं हे. आमच्यात नाई असं कोनी. खांबाले बांधून ठेव तिले, नाईतर जाईल एक दिवस तलावात."

दोर कुठं ठेवलाय हे मला माहीत होतं. एखाद्या दिवशी अंगात त्राण नसलं की त्याच्याकडे नजर जायचीही.

त्या दिवशी गोंदियाच्या दवाखान्यात बाकावर बसून बसून आम्ही तिघी कंटाळलो. डॉक्टरांनी रानीला खेळवलं, आम्हाला ढीगभर प्रश्न विचारले. मेंदूचा फोटो काढा ना, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, फोटोत हे दिसत नाही, लेकराच्या वागण्यातूनच ओळखावं लागतं.

"माझं काय चुकलं?" मी विचारलंच शेवटी.

"काहीच नाही. ऑटिझममध्ये बोलणं, मिसळणं वेगळं असतं. एडीएचडीत लक्ष टिकत नाही, पाय थांबत नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी, पण मुळं बरीचशी एकमेकींत गुंतलेली. आईबापाकडून येणारे पुष्कळ जीन्स मिळून हे होतं आणि त्यातले काही दोन्हींत सारखे सापडतात. मेंदूची घडणच पोटात असल्यापासून वेगळी. घराण्यात आधी कोणी असं असू शकतं, आईकडं किंवा बापाकडं."

झालं, मी म्हटलं मनात. आता सासूला रगताचा पुरावाच मिळाला.

पण सासू पुढे सरकून म्हणाली, "डॉक्टरबाई, माहा लहान भाऊ असाच पळत सुटायचा. त्यालेबी हेच पेरू चारले. बोललाच नाई. बाबानं गोठ्यात बांधला त्याले. येडा म्हनूनच मेला थो. मंग थो येडा नोता का?"

"त्याला न बघता नाव नाही देता येणार, आजी. पण येडा नव्हता."

सासू तिथंच पदर तोंडाला लावून रडली. मला खरं तर संताप आला होता. आमच्यात नाई कोनी म्हणत होती ना! पण भांडायलाही जोर लागतो.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर बायांनो, स्वतःला दोष देत बसू नका, लवकर दाखवा. रानी अजून बोलत नाही. थेरपी म्हणजे बोलण्या-वागण्याचा सराव, तो सुरू आहे. सासू आता कडक, न टोचलेला पेरू पातळ चिरून देते. रानी तो कुरुमकुरुम खाते.

परवा सासूनं फाटकाला कडी घातली, रानीजवळ बसली आणि मला म्हणाली, "जा वं, पड घडीभर. मी पाहतो पोरीले. बांधत नाई."

मी गेली आणि झोपली.