दसऱ्याची फ्लॉपी

माझ्या धाकट्या दिरांना न विचारता उपकार करायची खोड होती. माणूस वाईट नव्हता, पण असल्या उपकारांची मला आजही किळस येते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बडोद्यात आमच्या घरी, ह्यांच्या ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर होता. त्याच्यावर दोन वर्षं खपून मी पीएच.डी.चा मराठी प्रबंध टाइप केला. मार्गदर्शक सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध विद्यापीठात पोचला नाही, तर दुसरे मार्गदर्शक शोधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! आमचा प्रिंटर इतकं फिकं छापायचा की सर वैतागायचे. दीर रिफायनरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचे, त्यांच्याकडे सगळं नवंकोरं. म्हणून फ्लॉपी त्यांच्या हाती दिली. नुसतं छापून आणा, एवढंच सांगितलं होतं.

खंडेनवमीला सकाळी ते फ्लॉपी घेऊन हजर.

"वहिनी, शाई संपलीय. पण फाइल अशी सुधारून दिलीय, बघतच राहाल!"

चहा ढोसला आणि दुपारच्या गाडीनं बायकोमुलांसकट पुण्याला सासुरवाडीला गेले, ते दिवाळीच्या तोंडावरच परतणार होते.

आता माझा गाढवपणा ऐका. खंडेनवमीला आमच्याकडे ज्यावर पोट चालतं ते पुसून पूजेत मांडतात. मी कॉम्प्युटर पुसला, आणि त्याच झटक्यात आतलाही केर काढला. सुधारलेली प्रत आलीच आहे, म्हणून जुनी उडवून टाकली. त्या डबड्यात जागा तरी कुठे होती! सासूबाईंनी फ्लॉपीच्या लेबलाला हळदकुंकू लावून ती पोथ्यांशेजारी ठेवली. पूजेत मांडलेलं दसरा झाल्याशिवाय उचलायचं नाही, असा घरचा नेम. दसऱ्याला मी शेजाऱ्यांकडे फाफडा-जिलबी खाऊन आले, अगदी निर्धास्त.

एकादशीला फ्लॉपी घातली तर फाइल उघडेचना. दिरांच्या मशीननं ती नव्या पद्धतीनं साठवली होती. जुन्यावरचं नव्याला वाचता येतं, नव्यावरचं जुन्याला नाही. गावातल्या मांडवी भागात कॉम्प्युटरच्या एका दुकानात धावले. तिथे उघडली, पण आमचा मराठी फाँट त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे पडद्यावर नुसत्या किडामुंग्या. "बेन, आ शुं छे?" म्हणत दुकानदार हसला. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

पुण्याला फोन लावला.

"अहो वहिनी, ते खटारं फेका आता. जमान्याबरोबर चला!"

जमाना गेला खड्ड्यात! कालपर्यंत धडधाकट चालणारी वस्तू एका रात्रीत भंगार ठरवायची, आणि वर आम्हालाच मागासलेलं म्हणायचं. शी! फोन आपटून मी ओट्यापाशी जाऊन रडले.

सासूबाईंनी माळ्यावरून जुना, फिका, सरांच्या लाल खुणांचा मसुदा काढला. चष्मा पुसला.

"मी वाचते, तू बडव."

दहा दिवस त्या वाचत होत्या आणि मी बडवत होते. मधूनच त्या म्हणायच्या, "हे असलं अवघड कशाला लिहितेस गं? डोकं उठलं माझं." शेवटच्या दिवशी फिक्या छपाईतलाच प्रबंध सरांपुढे ठेवला. त्यांनी नाक मुरडलं, पण सही केली.

दिवाळीत दिरांकडे फराळाला गेलो. सासूबाई म्हणाल्या, "काय सुधारलं होतंस, दाखव तरी."

त्यांनी मोठ्या ऐटीत फाइल उघडली. आत अक्षर न् अक्षर माझंच, बदललं होतं फक्त पहिलं पान. भोवती गुलाबाच्या फुलांची महिरप, आणि ज्या माहेरच्या नावानं मी विद्यापीठात नोंदणी केली होती ते काढून तिथे आमच्या घराण्याचं आडनाव.

"लग्नाला दहा वर्षं झाली, आता माहेरचं नाव बरं दिसतं का?" दीर हसत म्हणाले.

सासूबाईंनी हातातली चकली बशीत परत ठेवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "आमच्या खटाऱ्यावर उघडली नाही ते."