काकूंचा शिसवी पाट

रेणूसारखी खो-खो खेळणारी पोरगी हैदराबादेत झाली नाही. कोणी म्हणत असेल झाली, तर तिला नल्लकुंट्याच्या मैदानावर आणा आणि रेणूच्या मागं सोडा. खांबाजवळ ती अशी गर्रकन फिरायची की मागची पोरगी खांबालाच मिठी मारून बसायची. त्या पळण्याच्या जोरावर तिला सरकारी नोकरी लागली. आजोबा शेती सोडून नांदेडकडून इकडे आले, तेव्हापासून या घरात सरकारी खुर्चीवर बसलेली ती पहिली.

तिचा मोठा भाऊ हिम्मतराव याचं बेगम बाजारात भांड्यांचं दुकान. तिथं कढया-पातेल्यांच्या वरच्या फळीवर रेणूचे सगळे कप मांडलेले. एकदा एका बाईनं त्यातल्याच एका कपाचा भाव विचारला. हिम्मतराव म्हणाला, "बाई, याची किंमत द्यायला तुम्हाला दहा वर्षं पळावं लागेल." बाई कढई न घेताच गेली. जाऊ दे.

रेणूला घडवलं प्रतापरावसरांनी. हे खोटं नाही, आणि रेणूनं ते कधी नाकारलंही नाही. सर बँकेत होते, पण जीव मैदानात. निम्म्या वस्तीची पोरं त्यांच्या हाताखालून रेल्वेत, पोस्टात, पोलिसात लागली. गल्लीतून सर चालले की पानवाला पान लावायचं थांबवून हात जोडायचा. मारायचे मात्र. हातात कायम वेताची छडी. खो द्यायला उशीर झाला की पोटरीवर सप्पकन. रेणू वळ घेऊन घरी यायची आणि कौतुकानं दाखवायची. "दादा, आज सरांनी मलाच जास्त मारलं. म्हणजे मला संघात घेणार."

सरांच्या खो-खो मंडळात गुरुपौर्णिमेची एक रीत होती. मैदानातल्या लिंबाखाली दोन पाट मांडायचे. एकावर सर, दुसऱ्यावर विमलकाकू, म्हणजे सरांची बायको. मुलांनी सरांचे पाय धुवायचे, मुलींनी काकूंचे. मग कुंकू, फूल, पेढा. सरांचा पाट साधा, मंडळाचा. काकूंचा शिसवी, कोपऱ्यांना पितळेची फुलं, लग्नात उदगीरहून माहेरच्यांनी दिलेला. त्या दिवशी काकू तो स्वतः घरून पुसून आणायच्या.

एका वर्षी रेणू काकूंचे पाय धुवायला बसली. बाकीच्या पोरी बोटांवर पाणी ओतून मोकळ्या होत होत्या. रेणू गुरुपूजा मन लावून करणारी. तिनं टाच हातात घेतली, तळपायाला अंगठा लागला आणि काकूंनी पाय झटक्यात मागे ओढला. पाणी सगळं रेणूच्या अंगावर.

"काय झालं काकू?"

"काही नाही गं. गच्चीवर अनवाणी गेले होते, चटका बसला."

आषाढाचे दिवस. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता, गच्चीवर शेवाळ धरलं होतं. रेणूनं दुसरा पाय उचलून पाहिला. तळव्यावर आडवे वळ होते, एकाखाली एक, काही फुटलेले, त्यात हळद भरलेली. ते वळ कशाचे असतात हे रेणूला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं मान वर केली. शेजारच्या पाटावर सर हार घालून बसले होते. दिसणार नाही अशा जागी मारलं होतं त्यांनी. वर्षातून एकदा चारचौघांसमोर बायकोचे पाय धुतले जातात, एवढंच विसरले होते.

त्याच महिन्यात काकूंनी घर सोडलं. गौलीगुड्यात त्यांची विधवा बहीण राहायची, तिच्या खोलीत गेल्या. केस झाली. साक्षीला कोण येणार? सगळी वस्ती सरांच्या उपकाराखाली. रेणू गेली. नामपल्लीच्या कोर्टात उभी राहिली आणि जे पाहिलं ते सांगितलं. सरांच्या वकिलानं विचारलं, "सरांनी तुम्हालाही मारलं होतं ना? मग तेव्हा तक्रार का नाही केली?" रेणू म्हणाली, "मला खेळात पाठवायचं होतं म्हणून मारत होते. काकूंना कुठल्या टूर्नामेंटला पाठवायचं होतं?" कोर्टात हसू फुटलं. तिथं असं बोलायला छाती लागते, आणि ती आमच्या रेणूला आहे.

या उन्हाळ्यात निकाल लागला. दोन वर्षांची शिक्षा. सरांनी अपील केलं, जामीन झाला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर मैदानात खुर्ची टाकून बसले. पोरांनी ओळीनं पाया पडून घेतलं. मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. 'सर, आम्ही तुमच्यासोबत.' काकूंच्या पायांबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही.

पानवाला रेणूला ऐकू जाईल असं बोलला, "क्या बी बोलो मियाँ, सर के हात से इतने बच्चे नौकरी को लगे. मियाँ-बीवी का झगडा किस घर में नईं होता?" कोणी म्हणालं, मार खाऊनच आपण माणसं झालो. कोणी म्हणालं, रेणूला सरांची जागा पाहिजे होती, म्हणून साक्ष दिली. तिच्याशी बोलणं बंद झालं. तिच्या डब्यात हात घालून जेवलेल्या बायका रस्ता बदलायला लागल्या.

पण मंडळाच्या मुलींचा संघ रेणूच शिकवायची, तो अजून तिच्याकडे होता. ऑफिस सुटलं की ती सरळ मैदानावर जायची. बारा-पंधरा पोरी, मराठी, तेलुगू, दोन मुसलमानांच्या. त्यातली भाग्यलक्ष्मी म्हणजे रेणूचा जीव. बाप ऑटो चालवतो. आली तेव्हा पोरीला धड पळता येत नव्हतं. रेणूनं तिला खांबावरून सूर मारायला शिकवलं, गुडघ्याला स्वतः पट्ट्या बांधल्या. श्रावणात राज्यस्पर्धा होती. रेणूला लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. जे होतं ते हेच.

गुरुपौर्णिमेच्या आधी मंडळाचे सेक्रेटरी शंकरराव घरी आले. चहा घेतला, बशीत ओतून प्यायले, मग म्हणाले, "रेणूबेटा, सगळ्यांचं म्हणणं एकच आहे. यंदा पूजेला तू ये. सरांचे पाय तू धू. सगळ्यांसमोर. झालं गेलं संपलं."

"मुली काकूंचे पाय धुतात, काका. सरांचे नाही."

"यंदा धुतील. तूच पहिली. नाही आलीस तर शिट्टी जमा कर. संघ सर स्वतः बघतील."

हिम्मतराव उठून उभा राहिला. "शंकरराव, त्या कपांवर मंडळाचं नाव आहे ना? ते कप हिनं आणलेत. तुमच्या घरातला एक तरी कप दाखवा. चहाचा पण चालेल."

"हिम्मत, तू भांडी विक बाबा," शंकरराव चप्पल पायात सरकवत म्हणाले. "पोरींचं नुकसान नको व्हायला, एवढंच सांगायला आलो."

ते गेल्यावर रेणूनं कपबशी विसळून ठेवली. मग म्हणाली, "दादा, पाणीच तर घालायचंय. डोळे मिटून घालीन. पोरी तरी माझ्याकडे राहतील."

हिम्मतरावला राग आला. पण पोरी गेल्यावर ही काय होईल, हेही त्याला दिसत होतं. तो म्हणाला, "तुला पटेल ते कर. मी स्कूटर घेऊन गेटवर थांबतो."

पौर्णिमेला सगळं मंडळ जमलं होतं. लिंबाखाली सर पाटावर बसलेले, पांढरा सदरा, नवा हार. रेणू तांब्या घेऊन आत आली तशी कुजबुज थांबली. शंकररावांच्या चेहऱ्यावर लग्न जमल्यासारखं समाधान. पोरी एका बाजूला रांगेत होत्या. भाग्यलक्ष्मी सगळ्यात पुढे. ती हळूच म्हणाली, "अक्का, आलात!" आणि इतकं गोड हसली की रेणूचा उरलासुरला विरोधही गळाला. ती सरांच्या पायाशी बसणारच होती.

तेवढ्यात तिला दुसरा पाट दिसला. काकूंचाच, शिसवी, पितळेच्या फुलांचा. घर सोडताना काकू एका पिशवीनिशी निघाल्या होत्या, पाट मागंच राहिलेला. त्यावर हिरवं खणाचं कापड, कापडावर एक सुपारी, सुपारीला हळदकुंकू.

"हे काय आहे?"

"भटजींना विचारूनच केलंय," शंकरराव म्हणाले. "पत्नी हजर नसली तर सुपारी चालते. आधी सरांचे पाय धू, मग काकू म्हणून सुपारीवर पाणी घाल. जोडप्याची पूजा मोडायला नको."

रेणूनं तांब्या खाली ठेवला. सुपारी उचलली आणि सरांच्या हातात दिली.

"सर, ही तुमची. ही बोलत नाही, कोर्टात जात नाही, हिला पाय पण नाहीत. पाट काकूंचा आहे."

आणि तिनं पाट उचलला.

सर आता बोलले, आवाज न चढवता, मैदानावर बोलायचे तसं. "रेणू. खाली ठेव."

त्या आवाजावर रेणूचे पाय लहानपणापासून हललेले. बस म्हटलं की बसायचे, पळ म्हटलं की पळायचे. आताही गुडघे वाकायला लागले, तिला ते कळलं. मग तिनं पाट छातीशी घट्ट धरला आणि गेटकडे चालू लागली.

"शिट्टी!" शंकरराव ओरडले.

तिनं गळ्यातली शिट्टी काढून लिंबाच्या फांदीला अडकवली. मागं वळून पोरींकडे पाहिलं. एकही हलली नाही. सगळ्या भाग्यलक्ष्मीकडे बघत होत्या, ही जाईल तर आपण जाऊ. भाग्यलक्ष्मी रडत होती. रडत रडत ती पुढे आली, रेणूनं खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि सरांच्या पायांशी बसली.

गेटवर हिम्मतरावनं पाट बघितला, काही विचारलं नाही. स्कूटर चालू केली. बरकतपुऱ्यातून जाताना लोक बघत होते, बाई पाट मांडीवर घेऊन कुठं चालली.

गौलीगुड्यात काकूंची खोली पहिल्या मजल्यावर, खाली मिरचीचं गोदाम. काकू दारात आल्या. पाटाकडे बघत राहिल्या. नखानं त्यावरचं कुंकू खरवडलं.

"माझ्या जागी कोणाला बसवलं होतं?"

"सुपारीला."

काकू हसल्या. "मग ती कुठंय?"

"सरांच्या हातात दिली."

"टिकायची नाही," काकू म्हणाल्या. मग जरा वेळानं, "आणि पोरी?"

रेणूनं नाही म्हणून मान हलवली. काकूंनी पाट भिंतीशी टाकला, त्यावर बसल्या, अंबाडीची जुडी ओढून घेतली. "बस गं. निवडू लाग. संध्याकाळी आता तुला काम काय?" प्रेमानंच बोलल्या. पण ते बोलणं रेणूला असं लागलं की ती पदराआड तोंड घालून रडली. दारात थांबलेल्या हिम्मतरावनं तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

श्रावणात संघ जिंकला. पेपरात फोटो आला, मधे सर, गळ्यात हार, शेजारी कप घेतलेली भाग्यलक्ष्मी. खाली छापलं होतं, सरांच्या शिकवणीचं फळ. खांबावरचा तो सूर डावीकडून कसा मारायचा हे सरांना जन्मात जमलं नव्हतं, तो रेणूचा सूर. पेपरवाल्यांना कोण सांगणार? बेगम बाजारात हिम्मतराव सगळ्यांना सांगत होता. गिऱ्हाइकं ऐकून घेत होती आणि झाऱ्याचा भाव विचारत होती.

त्यानंतरच्या रविवारी रेणू काकूंकडे होती. जिन्यात पावलं वाजली. भाग्यलक्ष्मी, हातात पेढ्यांचा डबा, अंगात संघाचं नवं जॅकेट. उंबऱ्याबाहेरच घुटमळली.

"अक्का, गुस्सा हो क्या?"

"ये आत."

ती आली ती जपून, पाऊल कडेवर टेकत. रेणूच्या ते लगेच ध्यानात आलं. काकूंच्याही आलं. काकू उठल्या, पाट पुढं सरकवला. "पोरी, इथं बस."

भाग्यलक्ष्मी बसली. भरभर बोलायला लागली, फायनल कशी झाली, समोरच्या पोरी कशा थकल्या. "सर बहुत मेहनत करवाते अक्का. सब से ज्यादा मेरे से. बोलते, तू नॅशनल जाती." सांगताना तिची मान ताठ झाली होती. तशी ताठ मान हिम्मतरावच्या घरात पूर्वी रोज संध्याकाळी दारातून आत यायची.

रेणू तिच्यासमोर जमिनीवर बसली, गुरुपौर्णिमेला बसायची तशी.

"मोजे काढ," ती म्हणाली. "पाय दाखव."

"काही नाही अक्का," भाग्यलक्ष्मी म्हणाली, आणि तिनं पाय मागे ओढून घेतला.