तांबूचा पाय आणि माझी नडगी

दोन हजार तेवीस साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि तोवर गोठ्यातल्या शेणाला हात लावला नव्हता. शेण काढणं बायकोचं काम. मी चौथी शिकलेला माणूस (चौथीतच दोन वर्षं काढली, म्हणजे पाया पक्का).

त्या वर्षी आमची गाय तांबू काजूच्या बागेतल्या काटेरी तारेत अडकली. तिला सोडवायला गेलो तर मीही अडकलो. तिचा मागचा पाय फाटला, माझी डावी नडगी. गाय गप्प उभी होती. ओरडलो तो मी.

जनावरांची डॉक्टरीण आली. तरुण पोरगी. तिने गायीची जखम धुतली आणि बायकोच्या हातात एक डबी दिली. "ही खनिजाची पूड. जखमेत ओली झाली की जाळीसारखी धरते, तिच्या आधाराने नवी कातडी चढते. रोज जखम धुवायची आणि भुरभुरायची."

"दगडाच्या पुडीन कातडा येता?" मी म्हटलं. "मगे आमच्या कातळार गायी उगवल्या आसत्या."

"आजोबा, तुम्ही मात्र माणसांच्या डॉक्टरकडे जा."

"माका माझो पालो पुरे."

बायको म्हणाली, "गाय तुमच्या आदी बरी होतली."

कुंपणाशी वाडीतले चौघे उभे होते (कोणाला लागलं की आमच्याकडे माणसं आपोआप जमतात). त्यांच्यासमोर माझ्या तोंडून गेलं, "गाय आदी बरी झाली तर गोठ्यातला शेण मी काढतलंय."

झालं. सगळी वाडी दोन पायांवर नजर ठेवून बसली. मी एकदांडीचा पाला चुरडायचो, त्यात हळद आणि खोबरेल घालून वर फडकं आवळायचो. तिकडे तांबूच्या जखमेवर कडेकडेने गुलाबी कातडी सरकू लागली. इकडे माझ्या नडगीला वास सुटला. शेजारचा बाबल्या कुंपणापलीकडूनच विचारी, "तात्यानू, पाय कसो आसा?"

"बरो."

"मगे लंगडतास कित्याक?"

"ऐटीत चालतंय."

शेवटी एका दुपारी बायको शेजारी गेलेली बघून मी गोठ्यात शिरलो. तांबूपाशी गवतावर बसलो, फडकं सोडलं आणि डबी नडगीवर उपडी केली. तांबूने मान वळवली, हुंगलं आणि अशी फुसकारली, की अर्धी पूड माझ्या मिशीवर.

मिशी झटकून वर बघतो तर दारात बायको, आणि गायीला तपासायला आलेली डॉक्टरीण.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तुमची एकच गाय आजारी होती ना?"

"दुसरी दूध दिणा नाय," बायको म्हणाली, "म्हणान सांगूक नाय."

कुंपणाशी चौघे होतेच.

तांबूची जखम भरली होती. मला त्याच दिवशी बाबल्याने माणसांच्या दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन, पट्टी आणि बोलणी, तिन्ही भरपूर मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, शेणाची पाटी घेतली आणि गोठ्यात वाकलो. तांबूला ही नवी मोलकरीण पसंत पडली नसावी. तिने तोच पाय उचलला आणि माझ्या बऱ्या नडगीवर हाणला. लाथेतला जोर बघून पुडीबद्दलची माझी उरलीसुरली शंका फिटली.